मी मुका ठरवलेला नवरामुलगा

एका धडधाकट, बोलत्या माणसाला मी मुका ठरवलं होतं. तेही त्याच्या मामासमोर.

२००६ साल असेल. मालवणात माझा कॉम्प्युटर क्लास होता. भिंतीवर चार सर्टिफिकेटं आणि आपल्याला सगळं येतं ही खात्री, एवढं माझं भांडवल. नुकतंच मशीनवर लिनक्स टाकलं होतं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी, फुकट मिळणारी सिस्टिम. त्याचाही तोरा होताच.

दुपारी देवबागहून सुलभा आणि तिची आई आल्या. आई मासळी विकायची, सुलभा डी.एड. करत होती. सोबत नवऱ्यामुलाचे मामा. मुलगा बोटीवर नोकरीला. त्याने स्वतःचा व्हिडिओ सीडीवर पाठवला होता. तो बघून सुलभाने होकार किंवा नकार द्यायचा, आणि मामा चारच्या एसटीने निरोप घेऊन वेंगुर्ल्याला जाणार.

सीडी घातली. चित्रच दिसेना. लिनक्समध्ये तेव्हा कोडेक वेगळे टाकावे लागत. कोडेक म्हणजे दाबून भरलेला व्हिडिओ उलगडणारा छोटा प्रोग्राम. तो डाऊनलोड व्हायला तास गेला. मग मुलगा दिसला. गोरा, हसरा. ओठ हलत होते, आवाज नाही.

स्पीकरची वायर काढून घातली. प्लेअर बदलला. शेवटी ठणकावून सांगितलं, "माझं मशीन ठीक आहे. ह्या सीडीत आवाजच नाही."

आईने पदर तोंडाला लावला. "बाईनू, मुलगो मुको आसा की काय?"

मामा ताडकन उठले. "मुको? बोटीर सगळ्यांका ओरडान कामां सांगता तो!"

"मग हयसर कित्याक बोलणा नाय?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. 'कदाचित माझंच चुकलं असेल' एवढं म्हणायचं होतं. मी चष्मा पुसत बसले. एखाद्याचं लग्न मोडलं तरी चालेल, पण माझं लिनक्स चुकता कामा नये!

सुलभा मात्र तो हसरा चेहरा तिसऱ्यांदा बघत होती. चेहरा तिला आवडला होता, ते दिसतच होतं. मग हळूच म्हणाली, "बाई, दुसऱ्या खंयच्या सीडीचो आवाज येता काय?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. भजनाची सीडी लावली. तीही मुकी.

मग मिक्सर उघडला, म्हणजे आवाज कमीजास्त करायची खिडकी. नव्याने टाकलेल्या लिनक्समध्ये कधीकधी आवाज मुद्दाम बंदच ठेवलेला असे. तो आपण हाताने सुरू करायचा. म्यूटची खूण तिथे होती. एक क्लिक केलं.

पुन्हा त्याचीच सीडी लावली. मुलगा खणखणीत बोलला. "माका नोकरी करणारी बायको नको. शिक्षण आता पुरे. घरात आयेक मदत करणारी होयी, आणि इचारल्याबिगर तोंड उघडणारी नको."

मामा खूश. "आयकलास? कसो सरळ बोलता!"

आई लेकीकडे बघत राहिली. सुलभाने सीडी काढली, कव्हरात घातली आणि मामांच्या हातात दिली. "नाय म्हणान सांगा."

मामा चारच्या एसटीने गेले. पुढे वर्गात मी एक नियम घातला: दुसऱ्याच्या सीडीला नावं ठेवण्याआधी आपली एक सीडी लावून बघायची.

त्या दिवशी मी सुलभाची माफी मागितली. चपला घालता घालता ती म्हणाली, "बाई, तो खरोच मुको असतो तर मी हो म्हटलं असतंय."