पालथी पिशवी

ड्युटी संपली की माणसं घराकडे पळतात. आमच्या दवाखान्यातली मावशी मात्र आधी काउंटरवर यायची, खांद्यावरची कापडी पिशवी उतरवायची आणि सगळ्यांच्या देखत पालथी करायची. कोणी मागितलं नाही, कोणी विचारलं नाही, तरी रोज. जर्मनचा डबा, लाकडी कंगवा, निळा रुमाल, सुपारीची पुडी आणि सुतळीचा एक गुंडा. एवढाच संसार. मग रिकामी पिशवी उलटी धरून झटकायची आणि म्हणायची, "पाहून घ्या, बाई. मंग जातो मी." आमच्याकडे बायाही 'जातो'च म्हणतात.

मी आर्वीच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. मावशी तिथे आया म्हणून लागली. वॉर्ड पुसणं, बाळंतिणीचे कपडे, बाळाच्या शी-शूचं सगळं तिच्याकडे. नाव होतं रेशमा, पण ते नाव दवाखान्यात कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. ती पारध्यांची. गावाबाहेर त्यांची वस्ती आहे, तिला आमच्याकडे बेडा म्हणतात. म्हणून दवाखान्यात ती 'बेड्यावाली'. सकाळी ती फाटकातून आत आली की औषधांच्या काउंटरवरून आमचा कंपाउंडर ओरडणारच, "मोबाईल सांभाळा रे बाप्पा, बेड्यावाली आली!" मग सगळे हसायचे. तीही हसायची. ते हसू पाहून माझं डोकं फिरायचं. माणसाला चिमटा काढायचा आणि वर त्यालाच हसायला लावायचं, ही कुठली रीत?

गावात कुठे विहिरीवरची मोटार चोरीला गेली, कुठे बकरी हरवली, की कंपाउंडरची पहिली चौकशी तिच्याकडे. "काय व, काल तुह्या नवऱ्याले उचललं का नाई?" हा माणूस तिच्याहून चांगला लहान, पण तिला अरे-तुरे. तिचा चहाचा कप खिडकीच्या गजाला अडकवलेला, सगळ्यांचे कप ट्रेमध्ये. औषधाच्या खोलीची किल्ली झाडूवाल्या पोराला मिळायची, तिला नाही. ती खोली पुसायची असली की कोणीतरी दारात उभं राहायचं. तिनं कधी तक्रार केली नाही. उलट दार उघडायच्या आधी जोरात खाकरायची. पेशंट झोपलेला असला तरी खाकरायची. मी एकदा चिडले. म्हटलं, "मावशी, आता कुठं डोळा लागला होता तिचा!" तर म्हणाली, "चूप गेली त म्हनतीन, चोरपावलानं आली."

पण तिची एक गंमत होती. वॉर्डात एखादं पोर रडून रडून आकांत करायला लागलं, आई थकली, आजी थकली, मी थकले, की मावशी खिडकीशी जायची. तोंडाशी ओंजळ धरायची आणि तितराचा आवाज काढायची. हुबेहूब! पोर चपापून गप्प व्हायचं आणि खिडकीकडे पाहायला लागायचं. एकदा तर बाहेरच्या पडीक वावरातून खऱ्या तितरानं ओ दिली. मावशीचा चेहरा असा खुलला की बस. "माह्या बापानं शिकवलं," म्हणाली. "पाखरू आपल्या मान्साच्या आवाजाले भुलते." तेवढ्यात मागून कंपाउंडर, "उद्या दोन तितरं आनजो व, मसाला मी देतो!" झालं. त्यानंतर कितीतरी दिवस तिनं तो आवाज काढला नाही.

दुपारी ती दवाखान्याच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळच्या कडुनिंबाखाली एकटी जेवायची. मी माझा डबा घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले, तर ही बया पाठ फिरवून बसली. मला वाटलं, लाजते. तर तसं नव्हतं. चहा घ्यायची, पण आमच्या हातचं खात नसे. तिच्या जातीचा तसा नेम होता, आणि बेड्यावरच्या बाया तिला आधीच टोमणे मारत की तू आता त्यांच्यातली झाली. म्हणजे इथे ती बेड्यावाली, आणि बेड्यावर दवाखान्यावाली! मी कपाळाला हात लावला. शेवटी आमचं असं ठरलं की मी माझं खायचं, तिनं तिचं खायचं, फक्त तोंडं एकमेकींकडे करायची. माझं लग्न मोडून मी माहेरी परत आलेली. मलाही दुपारी घरी फोन लावावा असं कोणी नव्हतं. ती अर्ध्या तासाची जेवणं मला फार प्रिय होती.

तिथेच मी एकदा तिला विचारलं, "काऊन दाखवता हो रोज पिशवी? कोनी मागतलं का तुमाले?" तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. म्हणाली, "आमच्यात पह्यले आळ आला की तापल्या तेलात हात घालाले लावत. खरं अशीन त भाजत नाई म्हनत. माह्या आजीनं घातलता."

"मग?"

"खरी होती बाई ती. तरी भाजला."

मग डब्याला झाकण लावत म्हणाली, "म्हून मी आळ याच्या आंधीच दाखवतो."

मी म्हटलं, "मावशी, एक दिवस पिशवी बंद ठेवून घरी जा. माह्यासाठी." ती म्हणाली, "जाईन एखांद्या दिवशी."

आणि मग ते पोतीचं झालं. हिंगणीला दिलेली एक लेक बाळंतपणाला माहेरी आर्वीला आलेली. सिझर करायचं ठरलं. आत नेण्याआधी अंगावरचं सोनं उतरवावं लागतं, तशी तिच्या गळ्यातली पोत उतरवून आम्ही तिच्या आईच्या हातात दिली. संध्याकाळी आई ओरडत बाहेर आली, "पोत गेली व माय!" खोलीत मावशी पुसायला जाऊन आलेली. पुढचं काही सांगायला नको. खोलीत मी गेले होते, डॉक्टरीणबाई गेल्या होत्या, पेशंटचे नातेवाईक तर जत्रेसारखे येत-जात होते. पण सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

तिची पिशवी त्या दिवशी तिनं नाही, दुसऱ्यांनी पालथी केली. डबा उघडला, सुतळीचा गुंडा उलगडला. मग बाळंतिणीच्या काकूनं तिला अंबाडा सोडायला लावला आणि केसांत बोटं घालून पाहिलं. ती केस मोकळे सोडून भिंतीशी उभी राहिली. कोणीतरी पोलिसांना फोन लावा म्हणालं. तेव्हा कुठे ती हलली. कंपाउंडर दात काढत म्हणाला, "तुमच्यात तेलात हात घालते म्हनतेत ना? घाल ना मंग. पेटवू का ग्यास?"

दोघं-तिघं हसले. मावशी हसली नाही. हात जोडून म्हणाली, "घालतो. आना तेल. पन बेड्यावर गाडी नोका पाठवू, भाऊ. मानसं कामावरून आत्ताच येऊन राह्यली. साऱ्यायले उचलून नेतीन."

ती गंमत करत नव्हती हो! खरंच हात घालायला तयार होती. आजीचा हात भाजलेला पाहूनही तयार होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी माझी पर्स आणली आणि काउंटरवर उपडी केली. त्यातून दवाखान्याचे पेन घरंगळले, बँडेजची गुंडाळी निघाली, हातमोज्यांचं पाकीट निघालं. "घ्या!" मी ओरडले. "हे सगळं दवाखान्याचं हाये. रोज माह्या संगं घरी जाते. लावा पोलिसाले फोन! आता काऊन गप बसले सारे?" कंपाउंडर म्हणाला, "सिस्टर, तुमची गोष्ट अलग हाये." तेच तर! माझी गोष्ट अलग, कारण माझे काका बाजार समितीत बसतात.

डॉक्टरीणबाईंनी सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. सकाळी बाळंतिणीच्या आईचाच घरून फोन आला, हसत हसत. सोनं उघड्यावर नको म्हणून तिनंच पोत डिंकाच्या लाडवांच्या डब्यात खुपसली होती आणि विसरून गेली होती. ऑपरेशन झालेल्या पोरीला लाडू चालत नाहीत म्हणून तिच्या मुलानं तो डबा घरी नेला. लाडू काढताना पोत हाताला लागली. सगळा दवाखाना हसला. बाई ओशाळून सगळ्यांना लाडू वाटून गेली. मावशीलाही दिला. मावशीनं तो परत ताटात ठेवला. मी म्हटलं, "घ्या ना, घरी न्या." ती हळूच म्हणाली, "नेला त पिशवीत दिसन."

माफी कोणी मागितली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गैरसमज होतात कधी कधी." कंपाउंडर म्हणाला, "सापडली ना? मंग खतम!" आणि खरंच खतम झालं, पण मावशीचं. पेशंट विचारायला लागले, ती पोतवाली आया कोणती? पोत सापडल्याचं कोणाच्या लक्षात नव्हतं, गेल्याचं होतं. महिना सरता सरता डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं आणि उद्यापासून दुसरी बाई येईल म्हणून सांगितलं. मी भांडले. "तुला एवढा पुळका असेल तर तूही जा," एवढं ऐकून बाहेर आले.

त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी काउंटरवर आली. खांद्यावर पिशवी. मी पाहत होते, कंपाउंडर पाहत होता. ती थांबली. पिशवीचे बंद तिनं मुठीत घट्ट धरले, माझ्याकडे पाहून म्हणाली, "जातो, बाई," आणि चालू लागली. कंपाउंडर उठला, "ए, पिशवी!" मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "हात त लावून पाह्य." तो बसला. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत मी हलले नाही. पिशवी तिच्या पाठीवर बंद होती. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! घरी जाऊन मात्र खूप रडले.

कडुनिंबाखाली दुसऱ्या दिवशी मी एकटीच जेवले. तिसऱ्या दिवशी तिथे गेलेच नाही. नवी आया चांगली आहे, खूप बोलते. पण पोर रडायला लागलं की माझी नजर अजून खिडकीकडे जाते.

सोयाबीन निघायच्या दिवसांत एका रविवारी मी बेड्यावर गेले. तिच्याकरता बांगड्या घेतल्या होत्या. खाण्याचं नाही तरी हे चालेल, असा हिशेब. विचारत विचारत तिच्या खोपटापाशी पोचले. दारात तिची सासू बसली होती, खूप म्हातारी. मी म्हटलं, "रेशमाबाई हायेत का? मी दवाखान्यातली सिस्टर."

'दवाखाना' ऐकल्याबरोबर म्हातारी धडपडत उठली. "ते सोंगाले गेली, बाई, सोयाबीन सोंगाले. तिनं तिथून काई नाई आनलं," म्हणत आत गेली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत खुंटीवरची ती पिशवी काढून तिनं माझ्या पायाशी पालथी केली. डबा, कंगवा, निळा रुमाल, सुपारीची पुडी, सुतळीचा गुंडा.

"पाहून घ्या," म्हातारी म्हणाली.

"आजी, मी भेटाले आली," मी म्हटलं. "नुसतं भेटाले."

तिला ते कळेना. "भेटाले?" तिनं पुन्हा विचारलं. "तिले?"

मी खाली बसले. एकेक वस्तू उचलून पिशवीत ठेवली, वर बांगड्या ठेवल्या, पिशवीचं तोंड बांधलं आणि खुंटीला अडकवून आले.