पांढऱ्या गोकर्णीचं बी

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. देवापुढंसुद्धा कधी स्पष्ट उच्चारलं नाही. आता तुमच्यापाशी बोलते आहे — जमेल तसं.

आधी माझा स्वभाव सांगते. मी संशयी बाई. दूधवाल्यानं हसून नमस्कार केला तरी मी आधी दूध बघायचे.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवीन कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागं बदलीची माणसं आली. आमच्या शेजारच्या खोलीत एक कारकून आणि त्याची बायको शकू राहायला आले. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पण मूलबाळ नव्हतं. ती मला अक्का म्हणायची. माझ्या दारावर पांढरी गोकर्ण होती — बियांपासून मीच वाढवलेली. महादेवाला हे फूल फार चालतं, म्हणून गल्लीतल्या बायका मागायला यायच्या. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

शकू आली आणि माझी फुलं कमी व्हायला लागली. संध्याकाळी कळ्या दिसायच्या, सकाळी वेल ओरबाडलेला. दुसरं कोण असणार? मी तिच्या देव्हाऱ्यात डोकावायचे, काही ना काही निमित्त काढून. फूल कधी दिसलं नाही. तरी मला वाटायचं, लपवत असेल.

मग एक दिवस तिनंच बी मागितलं. मला वाटलं, आता हिचा वेल होणार आणि बायका हिच्या दारात जाणार. गोकर्णीचं बी टणक, ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवावं लागतं. मी — मी ते उकळत्या पाण्यात टाकलं. चांगलं शिजू दिलं, सुकवलं आणि पुडी बांधून तिच्या हातात ठेवली. वर, कोमट पाण्यात भिजव, असंही सांगितलं.

त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. नळाचा भरवसा नव्हता, आडानं तळ गाठलेला. शकूनं डालड्याच्या डब्यात बी पेरलं आणि स्वतःच्या प्यायच्या तांब्यातलं पाणी त्याला घातलं. मी ओट्यावर बसून बघत होते.

त्याच दिवसांत एका पहाटे मला फुलांचा चोर सापडला. माझा नवरा. त्याच्या दुकानात नुकत्याच लावलेल्या महादेवाच्या तसबिरीला म्हणून रुमालात बांधून न्यायचा, मी ओरडेन म्हणून बोलायचा नाही. तेव्हा तरी मी शकूला चांगलं बी द्यायचं की नाही? घरात डबीभर होतं. पण मग आधीचं का उगवलं नाही, हे ती विचारेल — या भीतीनं गप्प बसले.

तिनं विचारलंच.

"अक्का, अजून कोंब न्हाई दिसून राहिला. माझं काय चुकून राहिलं?"

आणि मी, सगळं माहीत असताना, म्हणाले, "एकेकीच्या हाताला उगवतच न्हाई, शकू."

मूल नसलेल्या बाईला मी हे म्हणाले. तिनं डब्याकडं पाहिलं, हात पदराला पुसले आणि आत गेली. बी उकळलं तेव्हा चोरीचा संशय तरी खरा वाटला होता. हे बोलताना मला कसलाच संशय नव्हता.

नवरात्र आलं. घटस्थापनेच्या सकाळी ती दारात उभी. दरवर्षी आपल्या घरच्या घटाच्या मातीत धान्य तीच पेरायची.

"आमच्या घटात धान्य तुम्हीच टाका, अक्का. माझ्या हातानं न्हाई उगवलं तर देवीचा घट रिकामा राहील."

मी गेले. तिच्या देवीपुढं बसून माझ्या हातानं धान्य पेरलं. ती शेजारी हात मांडीखाली दाबून बसली होती, मातीला लागू नयेत म्हणून.

धान्य दाट उगवलं, हिरवंगार. तिनं बायकांना बोलावून दाखवलं, अक्काच्या हाताला गुण हाय म्हणाली, आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली.

मी तिला आशीर्वाद दिला.