काच साफ करणाऱ्याचं पोट

दत्तू अण्णा गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. ‘फिश टँकवाले अंकल गेले. दुसऱ्या कुणाचा नंबर आहे का?’ खाली जोडलेल्या हातांची रांग, त्यात माझेही. लिहिणाऱ्या बाईंचा मला संताप आला. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात आधी टाकीच आली होती... याला आता सहा आठवडे झाले.

अण्णा निपाणीकडचे. इथल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सर्जापूर रोडच्या मागच्या जुन्या वस्तीत एका खोलीत राहायचे आणि आमच्यासारख्यांच्या घरच्या माशांच्या टाक्या, सोसायटीतलं कमळाचं तळं सांभाळायचे. मी पुण्याचा हे कळल्यापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. “काय ओ पुणेकर,” एवढंच.

चार वर्षांपूर्वी मी शेवाळ खाणारा एक मासा आणून गोल्डफिशच्या टाकीत सोडला. काच चाटत राहतो, वेगळं खायला घालावं लागत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. बिनपगारी नोकर! मी खूश. काही महिन्यांत काच लखलखीत झाली, मासाही चांगला वाढला. मग एका रविवारी बघतो, तर तो आमच्या सगळ्यात मोठ्या गोल्डफिशच्या कुशीला तोंड लावून चिकटलेला. खवले निघून तिथं पांढरट जखम झाली होती. अण्णांनी त्याला जाळीनं वेगळं केलं, पण गोल्डफिश दोन दिवसांत मेला.

“खुनी आहे हा,” मी चिडून म्हणालो.

“खुनी न्हवं ओ, उपाशी हाय. बारीक असताना पाची खातंय, मोठं झालं की भागत न्हाई. त्यात तुमची काच चकचकीत. मग तेनं खायचं काय? कामाला ठेवलं म्हंजे पोट नसतंय काय तेला?” असल्या माशाला सावकाश पोहणाऱ्या माशांबरोबर ठेवू नये, असंही त्यांनी बजावलं आणि तो मासा स्वतःच्या खोलीवर नेला. पाची म्हणजे कानडीत शेवाळ. मी हा किस्सा ऑफिसात पुष्कळदा रंगवून सांगितला.

दर रविवारी अकराच्या सुमारास ते यायचे. पोहे घेणार का, असं मी विचारायचो. “नको, स्वल्प खाऊन आलोय.” आम्ही पुणेकर स्वल्प फक्त विरामापुरता वापरतो, असा माझा ठरलेला विनोद, आणि विषय तिथंच संपायचा. त्यांच्याकडं पहिलं ‘नको’ म्हणजे नकार नसतो, तिसऱ्यांदा आग्रह झाल्याशिवाय पाहुणा ताटाला हात लावत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. एकदा बायको म्हणालीही, पुन्हा विचार ना. “नको म्हणालेत ना!” मी म्हणालो. वर्षभरात त्यांचा शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला, तेव्हा मी म्हणालो, “अण्णा, फिट दिसताय!” ते हसले होते.

शेवटच्या रविवारी आमची टाकी त्यांची त्या दिवशीची तिसरी होती. काच घासताना ते मधेच स्टुलावर बसले, घामानं भिजलेले. पाणी मागितलं. साधं देऊ का फ्रिजमधलं, एवढं मी विचारलं, आणि लॅपटॉपकडे वळलो. दुसऱ्या दिवशी घरमालकाला ते खोलीत सापडले. मधुमेह होता, हे मला तेव्हा कळलं. सकाळी गोळी घेतली होती आणि पोटात काहीच नव्हतं, साखर एकदम उतरली, असं डॉक्टर म्हणाले.

आठवड्याभरानं मी त्या माशाची टाकी आणायला त्यांच्या खोलीवर गेलो. निपाणीहून आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, दार उघडलं. पाणी गढूळ झालं होतं, पण तो मासा जिवंत होता, चांगला वीतभर वाढलेला. तळाशी स्टीलच्या चमच्याला दोऱ्यानं बांधलेली दोडक्याची साल होती. चमचा बांधला की तुकडा वर तरंगत नाही. गर सगळा खाऊन झाला होता.

“तुम्हीच काय ते पुणेकर?” अक्का म्हणाल्या. “दर आइतवारी तुमच्याकडंच जेवतोय म्हणून सांगायचा बगा फोनवर. लई आग्रह करत्यात, म्हणायचा. मी आपली बिनघोर.”

“हो,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

“काय आवडायचं तेला तुमच्याकडचं?”

“वरण-भात.”

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. “भात?... सा वर्सं झाली, डाक्टरनं भात बंद केलता तेचा.”

मी टाकीतलं गढूळ पाणी उपसायला घेतलं. त्या “सरी” म्हणाल्या, म्हणजे कानडीत ‘बरं’, आणि अण्णांच्या शर्टांच्या घड्या घालू लागल्या. मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यांना कळलंच होतं.