समुद्राची उताणी पाहुणी

ओखा बंदरातून निघालो तेव्हा एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात समुद्र. म्हणजे बरणीभर खारं पाणी, तळाशी वाळू आणि वाळूवर तळहाताएवढी जिवंत जेलीफिश. ही जात फारशी पोहत नाही. उथळ पाण्याच्या तळाशी अंगाची छत्री खाली, हात वर करून उताणी पडून राहते. मी तिथं शाळामास्तर. तिकडं मराठवाड्यात चुडाव्याला दिलेली माझी आक्का वर्षानुवर्षं म्हणायची, "मला समिंदर बघायचाय रं." दुकानाचा रगाडा सोडून ती येणार कशी? म्हणून समुद्राचा एक तुकडाच जिवंत तिच्यापुढं न्यायचं मी मनावर घेतलं.

निजामी हद्दीत करोडगिरीचा (जकातीचा) शिपाई डब्यात शिरला.

"ये क्या है मास्टर, अचार?"

"समुद्रातला जीव आहे, साहब. जिंदा."

त्यानं वाकून पाहिलं. "उल्टा पड़ा है. मर गया बेचारा," म्हणाला आणि हळहळत पुढं गेला.

मी बरणी खिडकीतल्या उन्हात धरून बसलो. या बाईसाहेबांच्या हातांत शेवाळाचे बारीक कण बिऱ्हाड करून असतात. ऊन मिळालं की ते अन्न तयार करतात आणि मालकिणीलाही वाढतात. सावलीत ठेवलं की उपासमार. चुडावा येईस्तोवर माझा खांदा भरून आला होता.

स्टेशनवर दाजी (आक्काचे यजमान) हजर. घरी गरम भाकरी आणि येसर (भाजल्या डाळी-मसाल्याची आमटी). इतकं जेवलो की बसल्या जागी डोळा लागला.

उठलो तर बरणी गायब. पाहुणीला ऊन सोसायचं नाही म्हणून दाजींनी तिला ओलं फडकं गुंडाळून माजघरात ठेवलं होतं आणि आक्का पुढ्यात बसून डोळे पुसत होती.

"उताणी पडलीय रं. मी सुलटी केली, तर परत उताणी. जीव जायलाय तिचा."

जाणाऱ्याच्या तोंडी लिंगपूजेचं तीर्थ घालायचं, ही आम्हा लिंगायतांची रीत. आक्कानं चमचाभर तीर्थ बरणीत सोडलं होतं. जेलीफिशच्या चिकट स्रावानं तिची बोटं लाल झाली होती, तिकडं तिचं लक्षही नव्हतं.

छत्री जेमतेम हलत होती. मी बरणी उचलून अंगणात उन्हाला ठेवली आणि तिघं भोवती बसलो. बऱ्याच वेळानं छत्री आकसली, पसरली. पुन्हा आकसली.

"तीर्थ लागलं," आक्का म्हणाली. मी बरणी आणखी जरा उन्हात सरकवली.

दाजी मात्र बरणीकडं नाही, आक्काच्या तोंडाकडं बघत होते. "हिला परत समिंदरात कोण सोडणार?"

"मीच की."

"लेकीला माहेरी एकटं लावून देत्यात व्हय? तुझी आक्काबी येईल संगं. दुकान मी बघतो."

आक्कानं बरणीला कुंकू लावलं. परतीच्या गाडीत बरणी तिच्याच मांडीवर होती, उन्हाकडं सरकवलेली.

ओख्याला लुगडं खोचून ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि बरणी कलती केली. पाहुणी सावकाश तळाशी गेली, उलटली आणि हात वर करून निवांत पडली. आक्का आधी तिच्याकडंच बघत राहिली. मग मान वर करून समोरचा समुद्र पाहिला.

"लय हाय रं," एवढंच म्हणाली.

मी तिथूनच, दूर दुकान सांभाळत बसलेल्या दाजींना हात जोडले.