डमी बॉम्ब आणि हसीनाभाभींचा कांदा

कौसाबाई बांधावरून खाली उतरायला तयार नव्हत्या. त्यांच्या मागे त्यांची कांदा काढणाऱ्या बायकांची टोळी उभी होती आणि पुढे हसीनाभाभींचे तयार कांद्याचे वावर. पात वाळून आडवी पडली होती. आठवडाभर रोज दुपारनंतर आभाळ भरून येत होते. एक अवकाळी सर आली असती तर तो कांदा साठवणीच्या चाळीत टिकला नसता, आणि भाभींच्या घरचे वर्ष त्या कांद्यावरच निघायचे होते.

“खरा बॉम्ब हितंच पडलाय,” कौसाबाई म्हणाल्या. “तिकडं माळावर पडला त्यो डमी व्हता.”

या प्रकरणाच्या तीन हकिकती आज नगरमध्ये सांगितल्या जातात. तिन्ही चुकीच्या आहेत. सांगणाऱ्यांपैकी एकही जण तिथे नव्हता. मी होतो. शस्त्रांच्या चाचण्यांमध्ये सुरक्षिततेचे काम मी हयातभर केले, आणि निवृत्तीनंतरही या चाचणीसाठी मला मुद्दाम बोलावून घेण्यात आले होते.

तेव्हा आधी वस्तुस्थिती. विमानातून सोडायचा आणि नेमका लक्ष्यावर जाणारा हा नवा बॉम्ब. वाहिन्यांनी त्याला मिसाइल म्हटले, ते चूक आहे. मिसाइलला स्वतःचे इंजिन असते. याला इंजिन नाही, पंख आहेत. विमान त्याला लांबूनच सोडते, पंख उघडतात, आणि तो घारीसारखा तरंगत, स्वतःची दिशा सुधारत खाली येतो. सुरुवातीच्या चाचण्यांत त्यात स्फोटके भरत नाहीत. तेवढ्याच वजनाचे दुसरे काहीतरी भरतात. स्फोट झाला तर तो कुठे आणि कसा आदळला हे मोजायला काही उरत नाही, एवढेच त्याचे कारण. अशा बॉम्बला आम्ही ‘इनर्ट’ म्हणतो. आमचा बॉम्ब लक्ष्यावर अचूक आदळला. मोठा आवाज झाला नाही, कारण तो व्हायचाच नव्हता.

आवाज झाला नाही म्हणून नेम चुकला, अशी आवई उठली. ही पहिली हकिकत. तिचा बंदोबस्त करण्यासाठी आमचे प्रकल्पप्रमुख भाभींच्या वाडीच्या सरपंचांना फोनवर म्हणाले, “काळजी करू नका, तो डमी होता.” मी समोरच बसलो होतो. इनर्ट म्हणा, डमी म्हणू नका, असे मी तिथल्या तिथे सुचवले. त्यांनी फोनवर हात ठेवला. “सेम थिंग आहे, शिंदेसाहेब.”

सेम थिंग नव्हते. आपल्या जिल्ह्यात डमी म्हणजे काय, हे एखादी निवडणूक पाहिलेल्या कोणालाही विचारावे. खऱ्या उमेदवाराची मते फोडायला त्याच्याच नावाचा दुसरा उभा करतात, तो डमी. म्हणजे जिथे डमी आहे तिथे खराही कुठेतरी असलाच पाहिजे. सायंकाळपर्यंत सारी वाडी त्या खऱ्याच्या शोधात होती.

तो भाभींच्या वावरात सापडला. म्हणजे एक खड्डा सापडला. विजेच्या खांबासाठी तो खणून ठेवलेला होता. खांब आला नव्हता, आणि ठिबकचे पाणी झिरपून खड्ड्याचा तळ दिसेनासा झाला होता. हे वाडीत सर्वांना ठाऊक होते. परंतु मोबाईलवर बातम्या देणारे एक गृहस्थ त्या खड्ड्याकाठी उभे राहिले आणि त्यांनी विचारले की खांब यायचा नव्हता तर खड्डा आधीच कसा तयार? मिलिटरीने सांगून खणून घेतला असणार. अशा तर्काला उत्तर देता येत नाही, कारण तो तर्कच नसतो. ही दुसरी हकिकत.

मी प्रकल्पप्रमुखांना खुलासा काढायला सांगितले. ते म्हणाले, सुरक्षेचा विषय आहे, नो कॉमेंट. खांबाच्या खड्ड्यात कसली आली सुरक्षा, असे मी विचारले. त्यांनी वरिष्ठांशी बोलून पाहतो म्हणून सांगितले. वरिष्ठांशी बोलून पाहणे म्हणजे किती काळ, याचा मला दांडगा अनुभव आहे. म्हणून मी स्वतःच गेलो.

बांधावर उभे राहून मी टोळीला सगळे समजावून सांगितले. इंजिन, पंख, वजन, स्फोटके. बायकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग कौसाबाई म्हणाल्या, “काईच न्हाई, तर मंग एवढा मोठा साहेब उन्हातान्हाचा कशापायी आला?”

मी आलो नसतो तर साहेब घाबरला असे तुम्हीच म्हणाला असता, हे मी त्यांना सुनावले.

“व्हय, म्हनलंच असतं,” त्या म्हणाल्या.

बांधावरच उभ्या असलेल्या हसीनाभाभी घरात गेल्या, प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या आणि त्यांनी ती खड्ड्याच्या अगदी काठावर मांडली.

“साहेब, तुमचं लई झालं सांगून. आता हितं बसा. उडाला तर पयले तुमी.”

टोळी हसली. मी बसलो. बायका विळे घेऊन वावरात उतरल्या. पलीकडे लिंबाची सावली होती, पण मी खुर्ची तिकडे सरकवू लागलो की विळे थांबत. दुपारची भाकरी आणि पिठले मला भाभींनी खड्ड्याकाठीच आणून दिले. दिवस मावळेपर्यंत मी तिथून हललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गृहस्थांची नवी बातमी आली. एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने खऱ्या बॉम्बवर दिवसभर पहारा दिला आणि अंधार पडताच तो उचलून नेला. ही तिसरी. मी तत्काळ भाभींना फोन लावला आणि आत्ता येऊन सर्वांसमक्ष इन्कार करतो, असे सांगितले.

“नगा येऊ, साहेब,” त्या म्हणाल्या. “आज टोळी बिनबोलावता आलीया. बॉम्ब न्हेला म्हनून. वरलं वावर ऱ्हायलंय. तेवढं व्हईस्तवर तुमी बॉम्ब न्हेलेलाच बरा.”

चुकीचा अहवाल मी उभ्या नोकरीत एकदाही पुढे जाऊ दिला नव्हता. हा जाऊ दिला. अवकाळी सर येण्याआधी भाभींचा सारा कांदा चाळीत पडला. त्यानंतर प्रकल्पप्रमुखांचा खुलासाही आला. त्यात पुन्हा ‘डमी’ हाच शब्द होता.

आता इन्कार करायला हरकत नाही. त्या खड्ड्यात बॉम्ब नव्हता आणि मी तिथून काहीही नेले नाही. नव्या अधिकाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की इनर्टला इनर्टच म्हणावे. लोकांना तो शब्द कळणार नाही, आणि तेच सोयीचे आहे. न कळलेल्या शब्दाचा अर्थ लोक निदान विचारतात. कळलेल्या शब्दाचा कोणी विचारत नाही.