चोक ओढल्याचा आवाज

इंजिनाला काय होतंय ते मी आधी त्याच्या प्लगला विचारतो. प्लग खोलायचा आणि उजेडात धरायचा. टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं तांबूस असेल तर सगळं ठीक. पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी जातंय. काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. प्लग खोटं बोलत नाही, असं मी सत्तरच्या दशकात, कारंज्याच्या एसटी स्टँडजवळच्या माझ्या गॅरेजात, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत सांगत असे. त्या हिरव्या गाडीच्या बाबतीतही प्लग खरंच बोलला होता. मलाच ते ऐकू यायला फार वेळ लागला.

ती गाडी बाजारातल्या एका अडत्या शेटजींच्या मुलाची. विलायती, दोन माणसांपुरती, वर टप नाही आणि जमिनीला इतकी टेकलेली की बैलगाडीवाला वरून तिच्यात डोकावून बघायचा. मुलाने ती नागपूरहून जुनी आणली तेव्हा बापाने आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं. गावातले दुसरे मेस्त्री तिला हात लावायला तयार नव्हते, म्हणून तो माझ्याकडे आला. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पाना धरला नव्हता. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले, पण बौद्ध झाल्यावर त्यांनी ठरवलं की पोराच्या हातात कसब द्यायचं, आणि मला अकोल्याला गॅरेजात धाडलं. शेटजींचा मुलगा माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच हट्टी. आम्ही दोघं त्या गाडीवर तासन्‌तास भांडायचो. मग कामरगावच्या रस्त्यावर तिला पळवून आणायचो, आणि परत येईपर्यंत भांडण विसरलेलं असायचं. असा मित्र मला नंतर मिळाला नाही.

एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग अकोल्याचा दवाखाना. तो परत आला नाही.

काही महिन्यांनी शेटजींनी मला बोलावलं. गाडी विकायची होती. अमरावतीचा एक तरुण ती बघायला येणार होता, त्याआधी ती नीट चालती करून द्यायची, एवढंच त्यांनी सांगितलं. गाडी घरामागच्या अंगणात, चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडात उभी होती. मी प्लग खोलले. कोळशासारखे काळे. तारेच्या ब्रशने घासले, कार्बोरेटर धुऊन बसवले, हवा-पेट्रोलचं प्रमाण लावून घेतलं आणि एकट्यानेच कामरगावच्या रस्त्याला फेरी मारली. बाजूची सीट रिकामी होती, तिकडे मी बघितलं नाही. परत येऊन प्लग पाहिले तर छान तांबूस. मी निश्चिंत होऊन घरी गेलो.

अमरावतीवाला आला त्या दिवशी गाडी चालूच होईना. मला निरोप आला. प्लग पुन्हा काळे, वर पेट्रोलने ओले. तो तरुण हिरमुसला होऊन परत गेला.

मग मी हात धुऊन तिच्या मागे लागलो. दोन कार्बोरेटर होते, दोन्हींतले फ्लोट तपासले, सुया बदलल्या. ठिणगी पाडणारे पॉइंट घासले. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असेल म्हणून टाकी रिकामी करून नवं भरलं. दर वेळी गाडी माझ्या हाताखाली शहाण्यासारखी चाले, प्लग तांबूस येत, आणि थोड्या दिवसांत पुन्हा तेच काळं तोंड. शिवाय उभ्या गाडीतलं पेट्रोल कमी होत होतं. शेटजींच्या घरचा गडी ते चोरतोय असा मला संशय आला, तसं मी बोलूनही दाखवलं. शेटजींचा माझ्यावरचा विश्वास उडत चालला होता.

"तुले जमत नसन तं तसं सांग," ते एकदा म्हणाले. "पन मले हे गाडी या घरात नाई पाह्यजे."

बोलणं जिव्हारी लागलं. मी गाडी माझ्या गॅरेजात आणून ठेवली. रोज सकाळी चालू केली, थोडी फिरवली. एकदाही तक्रार नाही, प्लग जसेच्या तसे. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडीत दोष असता तर तो गॅरेजातही दिसला असता. जे काही होत होतं ते त्या घरातच होत होतं. मी गाडी परत नेऊन उभी केली, आणि दोन-चार दिवसांनी गॅरेज उघडायच्या आधी, सकाळी सकाळीच, न सांगता तिकडे गेलो.

मागच्या बोळात शिरलो आणि इंजिनाचा आवाज आला. चढा, घाईचा. चोक ओढलेला असला की तसा येतो. चोक म्हणजे स्टिअरिंगजवळचं एक काळं बटन. थंड इंजिन चालू करताना ते बाहेर ओढायचं, म्हणजे हवा अडते आणि पेट्रोल जास्त जातं. इंजिन जरा तापलं की आत ढकलायचं आणि निघायचं. नाही ढकललं तर काजळी धरते. एवढी साधी गोष्ट मी कशाकशात शोधत बसलो होतो.

शेडात मुलाची आई बसली होती. ड्रायव्हरच्या सीटवर, डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीवर. चोकचं बटन पुरतं बाहेर होतं. समोरच्या ओट्यावर कपबशीत चहा वाफाळत होता. मला बघून ती दचकली नाही. मुलगा सकाळी गाडी चालू करायचा, हे बटन ओढून ठेवायचा आणि चहा प्यायला स्वयंपाकघराच्या दारात यायचा, असं तिने मला सांगितलं. तो आवाज ऐकूनच ती चहाचं आधण ठेवायची. तेवढा चहा होईपर्यंत तो तिच्यापाशी असायचा.

मी मेस्त्रीच. मला वाटलं, बिचारीला पुढचं ठाऊक नाही. म्हणालो, "काकू, इंजिन गरम झालं का हे बटन आत ढकला लागते. नाई तं गाडी बंद पडते."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "ते आत गेलं का आवाज उतरे. आवाज उतरला का तो निंगे." तिने बटनावर तळहात ठेवला, झाकल्यासारखा. "मले तो निंगतानीचा आवाज नाई पाह्यजे, बाबू."

गाडी धापा टाकत टाकत आपोआप बंद पडली. तेव्हा ती उतरली आणि ओट्यावरचा चहा तिने माझ्या हातात दिला. त्या घरात माझा कप वेगळा होता, कोनाड्यात पालथा घातलेला, आणि तो मला दर वेळी टोचायचा. हा कप मुलाचा होता. तिच्या ते लक्षात होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मी चहा प्यायलो.

कप खाली ठेवला तर मागच्या दारात शेटजी उभे. ते केव्हापासून उभे होते कोण जाणे. आता ते रागावतील असं वाटून मी पुढे झालो, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"मले वाटे, मलेच आयकू येते," ते बायकोला म्हणाले. "रोज पहाटी. तुले इचारलं तं तू नाई म्हनली. मले वाटलं, माह्यं डोस्कं फिरून राह्यलं."

म्हणून त्यांना गाडी घरात नको होती. बाप अंथरुणात पडून मेलेल्या पोराची गाडी ऐकत होता, आई अंगणात बसून ऐकवत होती, आणि एका छपराखाली दोघांनी एकमेकांना एक शब्द सांगितला नव्हता. मी पान्यांची पिशवी उचलली आणि निघालो. बोळात आल्यावर मला रडू फुटलं. मित्र गेल्यानंतर पहिल्यांदाच मी पोटभर रडलो.

गड्याची मी माफी मागितली. शेटजी आता गाडी विकायचं नाव काढेनात. पण पुढे काही दिवसांनी काकूनेच सांगून पाठवलं की अमरावतीवाल्याला बोलवा, उभी राहून सडते ती. मी प्लग शेवटचे साफ केले. तो तरुण आला तेव्हा तिने मला बाजूला केलं आणि गाडी स्वतः चालू केली, चोक ओढून. मग आत गेली, चहा घेऊन आली. तो उभ्या उभ्याच प्यायला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, तो भाबडेपणाने चहाची तारीफ करत होता. तो सीटवर बसला, तशी ती वाकली आणि तिने स्वतःच्या हाताने बटन आत ढकललं. आवाज उतरला. गाडी बोळातून वळून रस्त्याला लागली, आणि ती ऐकू येईनाशी होईपर्यंत काकू तिथून हलली नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, सकाळी मी गॅरेजचं दार उघडत होतो तर शेटजी आले. पायी, डोक्याला टोपी नाही. बाकावर बसले. गाडी गेल्यापासून त्यांना त्याच वेळेला जाग येत होती आणि घर नुसतं गप्प असायचं, असं म्हणाले.

"एखांदी गाडी चालू कर," ते मग म्हणाले. "कोनतीबी. चोक ओढून."

कामरगावच्या एका माणसाची पेट्रोलची जीप दुरुस्तीला आली होती. मी ती चालू केली, चोक पुरता ओढला आणि समोरच्या हॉटेलातून चहा आणून त्यांच्या हातात दिला. ते डोळे मिटून, कप दोन्ही हातांत धरून बसले. इंजिन तापलं, धूर काळा यायला लागला, काजळीचा वास आला. मी जीपपाशी गेलो आणि माझा हात सवयीने बटनाकडे गेला. मी तो मागे घेतला आणि जीप आपोआप बंद पडेपर्यंत त्यांच्याशेजारी बसून राहिलो.