सुमनबाईचे शंभर दाणे

माझ्या सासूचा विश्वास बसायला चार दिवस लागतात. धानाचं बियाणं घरात आलं की ती पिशवी खालून उसवते, वरचा शिक्का आणि चिठ्ठी जशीच्या तशी ठेवते, शंभर दाणे मोजून घेते आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाशेजारी सावलीत ठेवते. चौथ्या दिवशी कोंब मोजायचे. ऐंशीच्या वर आले तर रोपांसाठी पऱ्हे टाकायचे, नाहीतर पिशवी परत. सौंदडजवळच्या आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, जवळपास प्रत्येक घर आपले शंभर दाणे तिच्याकडे, सुमनबाईकडे आणून द्यायचं. माणसांनाही ती असंच तपासते. मला पाहायला आली तेव्हा आमच्या घरी चहा घेण्याआधी शेजारणीकडे अर्धा तास बसून आली होती. ते मी अजून विसरलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी बियाण्याच्या एका कंपनीने आमच्या टोलीत, विहाराच्या बाजूला, पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं. कंपनीचं नाव मी सांगत नाही. तिची फुकट जाहिरात आमच्या घरातून एकदा झाली, तेवढी पुरे. आमच्या हातपंपाचं पाणी लालसर, त्यात भात शिजवला तर पिवळा पडायचा. गावात काही नवं आलं की आधी मोठ्या गावात आणि उरलंसुरलं आमच्या बौद्ध टोलीत, असाच रिवाज. या वेळी पहिल्यांदा उलटं झालं, आणि तेही पाण्याच्या बाबतीत. म्हाताऱ्या बायांचे डोळे भरून आले. मशीनची चावी माझ्याकडे दिली, आणि खरं सांगते, मी दोन दिवस हवेत होते.

सासूचं तोंड मात्र वाकडं.

"पहिले आपल्याकडेच काऊन?" तिने विचारलं.

"चांगलं काम करून राहिले, आई. त्याच्यातही खोट काढता का?"

"बियाणं इकणाऱ्याले आपल्या तहानेचं कायले पडलं, हे पाहून राहिली मी."

उद्घाटनाला कंपनीचा माणूस गोंदियाहून आला. नाव वीरेंद्र, बोलणं अर्धं हिंदी आणि पूर्ण गोड. त्याने पहिला पेला सासूच्या हातात दिला. पाणी खरंच चांगलं होतं. नकळत ती हसली. आमच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ही बाई कुठे हसलेली नाही, आणि त्याने नेमका तोच क्षण मोबाइलमध्ये धरला.

पुढच्या हंगामात तो फोटो बियाण्याच्या पिशवीवर आला. हातात पेला, चेहऱ्यावर हसू आणि खाली ठळक अक्षरात 'विश्वास'. जिने सख्ख्या सुनेला सहा वर्षं कपाटाची किल्ली दिली नाही, तिच्या खाली हा शब्द. विचारलं कोणी नव्हतं. ती जाम भडकली, पण त्या वर्षी शंभरातले एक्याण्णव उगवले, मग बोलणार काय. बाजारात सालेकशाकडची अनोळखी माणसंसुद्धा 'पाणीवाल्या बाईची पिशवी' मागू लागली. आमच्या टोलीत तर दुसरी पिशवी येईनाशीच झाली.

यंदा तिच्याकडे दाणे घेऊन कोणीच आलं नाही. तिने शेजारच्या खुशालभाऊंना हटकलं, तर ते म्हणाले, "ज्याचं पाणी पेतो त्याचं बियाणं तपासाचं? बरं दिसत नाही, काकी. अन् पिशवीवर तं तुमीच आहा."

हे तिला फार लागलं. घरी येऊन म्हणाली, "मी कोणालेच हो म्हटलं नाही, अन् माह्या तोंडानं सारी टोली हो म्हणून राहिली." पऱ्हे उगवले नाहीत तर अख्खं वर्ष हातचं जातं. आणि या वेळी तो दोष तिच्या नावावर बसणार होता.

तिने आमच्या पिशवीतले शंभर दाणे मोजले, मग खुशालभाऊंकडून हट्टाने त्यांचेही शंभर आणले. गोणपाट भिजवायला मी हातपंपाची बादली पुढे केली.

"ते नोको. तुह्या मशीनचं आण."

मला वाटलं, म्हातारी विरघळली एकदाची. मी हसत हसत भरून दिलं.

चौथ्या दिवशी आमचे सत्तेचाळीस निघाले आणि खुशालभाऊंचे एक्कावन्न. तिने तीनदा मोजले. रविवारी वंदना झाल्यावर तिने विहारात दोन्ही गोणपाटं सगळ्यांसमोर उघडली.

मग खुशालभाऊ म्हणाले, "थोडं दाट पेरू, काकी. बोंब मारली अन् कंपनीनं मशीन नेलं तं?"

माना हलल्या. माझीही हलली. चावी माझ्या कमरेला होती आणि ती जाईल एवढंच मला दिसत होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

"पाणी पेलो आपण," सासू म्हणाली, "पोट गहाण नाही टाकलं. अल्का, लाव त्याले फोन."

दुसऱ्या दिवशी वीरेंद्र आला. विहारासमोर सगळी टोली जमली होती. गोणपाटं पाहून तो हसला. "अम्माजी, बीज तो पूरा टेस्टेड है. तुमच्या इथलं पाणीच खराब ना, म्हणून तर आम्ही मशीन दिलं. ऐसे पानी में कौन-सा बीज उगेगा?"

लोकांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांना हेच उत्तर हवं होतं.

सासूने माझ्याकडे पाहिलं. "सांग वं, पाणी कोठचं होतं."

मी कमरेची चावी काढून त्याच्यासमोर धरली. "तुमच्या मशीनचं. मीच भरून दिलं."

वीरेंद्रने मशीनकडे पाहिलं, मग त्यावरच्या कंपनीच्या फलकाकडे. खुशालभाऊ उठून घरी गेले आणि खालून उसवलेली आपली पिशवी आणून त्याच्या पायाशी ठेवली, वरचा शिक्का शाबूत. मग एकेक करून बाकीच्या पिशव्या आल्या. मशीन राहील की जाईल, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

"बदलवून देतो," वीरेंद्र हळूच म्हणाला आणि पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांचे फोटो घ्यायला त्याने मोबाइल काढला.

"थांब," सासू म्हणाली. "मागच्या टायमाले न विचारता काढला. आता मी सांगून राहिली, माहा काढ." ते सत्तेचाळीस कोंबांचं गोणपाट तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि न हसता उभी राहिली.

त्याने मोबाइल खिशात ठेवला.